अगाथा ख्रिस्ती यांचा डिसेंबर १९२६ : कादंबरीकाराने कोणती जागा भरावी?

मृद्गंध (प्रश्न)

नमस्कार. एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. अगाथा ख्रिस्ती १९२६ साली बेपत्ता झाल्या होत्या, तो प्रसंग तिचा विषय आहे. येथील बहुतेकांना तो ठाऊक असेल, तरी ज्यांना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शुक्रवार, ३ डिसेंबर १९२६ रोजी रात्री पावणेदहाच्या सुमारास ख्रिस्ती बर्कशायरमधील सनिंगडेल येथील घरातून स्वतः मोटार चालवत एकट्या बाहेर पडल्या. सात वर्षांची मुलगी घरात झोपलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मॉरिस काउली गाडी सरे परगण्यात, गिल्फर्डजवळच्या न्यूलँड्स कॉर्नर येथे, खडूच्या खाणीच्या तोंडाशी झुडपांत अडकलेली सापडली. गाडीत फरचा कोट, कपड्यांची लहान पेटी आणि वाहनचालकाचा परवाना होता, पण बाईंचा मागमूस नव्हता. त्यानंतर पोलीस, स्वयंसेवक, शिकारी कुत्री आणि विमाने अशी सारी यंत्रणा त्यांना शोधत राहिली, आणि मंगळवारी, १४ डिसेंबरला त्या यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. तेथे त्यांनी स्वतःची नोंद 'केप टाऊनच्या मिसेस तेरेसा नील' अशी केली होती. पतीचे ज्या तरुणीवर प्रेम जडले होते, तिचे नाव नॅन्सी नील.

या घटनेवर इंग्रजीत बऱ्याच कादंबऱ्या आल्या आहेत. मी ज्या वाचल्या, त्यांत एक तर बाई पतीवर सूड उगवतात किंवा हॉटेलात एखादा खून होतो आणि तो त्याच सोडवतात. माझ्या खर्ड्यातही मी पहिलीच वाट धरली होती. नवरा खुनाच्या आरोपात अडकावा म्हणून त्यांनी गाडीची जागा, कोट, परवाना हे सगळे मांडून ठेवले, अशी कल्पना करून निम्मी कथा लिहूनही झाली. परंतु कागदोपत्री जे नोंदलेले आहे ते वाचत गेले, तसतशी ही रचना फार चलाख आणि म्हणूनच खोटी वाटू लागली.

माझे प्रश्न असे आहेत. ज्या व्यक्तीने स्वतः या घटनेबद्दल जवळजवळ आयुष्यभर मौन पाळले, तिच्या मनात शिरण्याची मोकळीक लेखकाने किती घ्यावी? कोणत्या गोष्टींना हात लावू नये? नॅन्सी नील यांचे चित्रण कसे करावे? शिवाय संपादकांनी असे सुचवले आहे की मराठी वाचकांना कथा जवळची वाटावी म्हणून हॅरोगेटच्या हॉटेलात मुक्कामाला आलेला एखादा मराठी बॅरिस्टर घालावा. मला ते पटत नाही, पण नकार कोणत्या शब्दांत द्यावा हेही सुचत नाही.

---

जुने_वाचनालय

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. बॅरिस्टरसाहेबांना लंडनमध्येच राहू द्यावे. मराठी वाचक गेली कित्येक दशके वाचनालयातून ख्रिस्तीबाई घरी नेतो आहे आणि मिस मार्पलचे सेंट मेरी मीड हे खेडे त्याला आपल्या आजोळाइतके परिचयाचे आहे. त्याला मध्यस्थ कशाला हवा?

आता मुख्य मुद्दा. सगळेजण 'अकरा दिवसांचे रहस्य' असा शब्दप्रयोग करतात आणि कादंबरीकारही ते अकरा दिवस भरायला बसतात. माझ्या मते येथेच गाडी घसरते. हे दिवस रिकामे नाहीत. शनिवार, ४ डिसेंबरच्या संध्याकाळपासून बाई हॅरोगेटच्या हायड्रोपॅथिक हॉटेलात होत्या. तेथे त्या ब्रिज खेळत होत्या, वाद्यवृंदाच्या तालावर नाचत होत्या, इतर पाहुण्यांशी गप्पा मारत होत्या आणि स्वतःचे छायाचित्र पहिल्या पानावर छापलेली वर्तमानपत्रे इतरांसारखीच चाळत होत्या. हे पाहणारे साक्षीदार पुष्कळ आहेत. खरोखर अज्ञात आहे ती एक रात्र, शुक्रवारच्या पावणेदहापासून शनिवारच्या सकाळपर्यंतची.

त्या रात्रीला दोन खुंट्या आहेत. पहिली खुंटी म्हणजे गाडी, आणि ती जेथे सापडली तेथून काही मैलांवर, गोडाल्मिंगजवळच्या एका मित्राच्या घरी, बाईंचे पती आर्ची ख्रिस्ती त्याच शनिवार-रविवारच्या मुक्कामाला गेले होते व नॅन्सी नीलही तेथेच पाहुणी होती. दुसरी खुंटी म्हणजे एक पाकीट. बाईंनी आपले दीर कॅम्बेल यांना पत्र लिहून यॉर्कशायरमधील एखाद्या आरोग्यस्थानी जात असल्याचे कळवले होते. पत्र गहाळ झाले, पाकीट मात्र राहिले आणि त्यावर ४ डिसेंबरच्या सकाळचा लंडनचा शिक्का होता. म्हणजे रात्री सरेच्या टेकडीवर गाडी सोडलेली बाई सकाळी लंडनमध्ये होती, किंवा निदान तिचे पत्र तरी होते. डिसेंबरातली इंग्लंडमधली रात्र, अंगावर कोट नाही, कारण तो गाडीतच राहिला. ती स्टेशनपर्यंत चालत गेली काय, कोणत्या स्टेशनात पहिल्या गाडीची वाट पाहत बसली, शेजारी कोणी होते काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे खात्रीलायक उत्तर कोणाकडे नाही. कादंबरीकाराला इतिहासाने मोकळी सोडलेली जागा हीच आहे. माझ्या हाती लेखणी असती, तर मी सबंध दीर्घकथा त्या एका रात्रीत बसवली असती आणि हॅरोगेट शेवटच्या दोन पानांत उरकले असते.

आणखी एक तपशील आपल्या उपयोगी पडेल. नोंदवहीतले 'केप टाऊन' हवेतून आलेले नाही. १९२२ साली ख्रिस्ती पती-पत्नी साम्राज्याच्या दौऱ्यावर निघाले होते. त्यात दक्षिण आफ्रिका होती आणि तेथेच समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन तरंगण्याचा नाद त्यांना लागला होता. ते दोघांचे सुखाचे दिवस होते. आडनाव सवतीचे आणि गाव सुखाच्या दिवसांतले, अशी ती सही आहे. एवढी एक ओळ हाताशी असताना सुडाचा कट रचण्याची गरज मला तरी वाटत नाही.

---

अर्धविराम

मी व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ आहे. न पाहिलेल्या, दिवंगत व्यक्तीचे निदान करणे आमच्या शास्त्रात गैर मानले जाते, म्हणून येथे निदान करत नाही. फक्त आपल्या कथेच्या दृष्टीने काय विश्वसनीय ठरेल तेवढे सांगतो.

असह्य मानसिक आघातानंतर माणूस राहते घर सोडून दूर निघून जातो, स्वतःची ओळख विसरतो आणि कधीकधी नवे नाव धारण करून अगदी शांतपणे वावरू लागतो, अशी अवस्था वैद्यकाला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडचा ॲन्सेल बोर्न हा धर्मोपदेशक १८८७ साली असाच नाहीसा झाला आणि पेनसिल्व्हेनियात 'ए. जे. ब्राउन' या नावाने छोटे दुकान चालवू लागला. सुमारे दोन महिन्यांनी एका सकाळी तो आपण कुठे आहोत हे न कळून घाबरून जागा झाला. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी पुढे त्याची तपासणी केली. या काळात तो वेड्यासारखा वागत नव्हता, शेजाऱ्यांना तो साधा, शांत दुकानदार वाटत होता. तेव्हा 'नाचणाऱ्या आणि पत्ते खेळणाऱ्या बाईची स्मृती कशी गेली असेल' हा आक्षेप वाटतो तितका बिनतोड नाही.

१९२६ हे साल ख्रिस्ती यांना कसे गेले ते पाहावे. एप्रिलमध्ये आई वारली. त्यानंतर टॉर्कीच्या माहेरघरातील पिढ्यान् पिढ्यांचे सामान एकटीने उपसत त्या काही महिने राहिल्या, झोप नाही, खाणे नाही. ऑगस्टमध्ये पतीने दुसऱ्या स्त्रीबद्दल सांगून घटस्फोट मागितला. आत्मचरित्रात त्यांनी डिसेंबरबद्दल अक्षरही लिहिलेले नाही, परंतु त्या उन्हाळ्यातला एक प्रसंग मात्र लिहून ठेवला आहे. धनादेशावर सही करायला त्या बसल्या आणि आपले नाव काय ते त्यांना आठवेना. लेखणी हातात धरून त्या तशाच बसून राहिल्या. एक नाव ओळखीचे वाटले, ब्लांच ॲमरी, आणि मग ध्यानात आले की ते थॅकरेच्या कादंबरीतल्या एका पात्राचे आहे. माझ्या मते आपल्या कथेची सुरुवात या टेबलाशी व्हावी. डिसेंबरमध्ये जे घडले त्याची चाहूल त्या धनादेशात लागते, आणि मौन पाळणाऱ्या लेखिकेने वाचकासाठी एवढी एकच फट मुद्दाम ठेवली असावी असे मला वाटते.

---

खडीसाखर

डॉक्टरांच्या प्रतिसादाचा आदर ठेवूनही असहमती नोंदवते. स्मृती गेलेली बाई 'टाइम्स'मध्ये जाहिरात देते काय? ११ डिसेंबरच्या अंकात दक्षिण आफ्रिकेच्या तेरेसा नील यांच्या मित्रांनी व नातलगांनी संपर्क साधावा अशी छोटी जाहिरात आली होती, आणि ती त्यांनीच दिली होती. दिराला लिहिलेले पत्रही आहे. ज्या माणसाला शोध लागू द्यायचा नसतो तो गावाचा पत्ता कळवून जात नाही. मला तर असे दिसते की आठवड्याच्या शेवटी नवऱ्याची झोप उडवावी, त्याने शोधत यावे, मग बोलणे व्हावे, इतकाच साधा हिशेब होता. दिराने पत्र वेळेवर दाखवले असते तर प्रकरण घरातल्या घरात मिटले असते. पण वर्तमानपत्रांच्या हाती कोलीत मिळाले आणि मग परत फिरण्याची वाटच उरली नाही.

एडगर वॉलेस यांनी तेव्हाच वर्तमानपत्रात लिहिले होते की कोणीतरी दुखावल्यामुळे बाईंनी दिलेला हा मानसिक प्रतिटोला आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याने रहस्यकथा लिहिणारीला ओळखले, असे मी म्हणेन. तुलनेने सर आर्थर कॉनन डॉयल यांनी काय केले? बाईंचा हातमोजा मिळवून तो मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमाकडे नेला! शेरलॉक होम्सच्या जनकाने हे करावे, याला काय म्हणावे ते आपणच ठरवा.

---

अर्धविराम

@खडीसाखर, आपला जाहिरातीचा मुद्दा मला उलट दिशेने नेतो. जाहिरात अगाथाला शोधणाऱ्यांसाठी नव्हती, तेरेसाच्या नातलगांसाठी होती. जी व्यक्ती आपण तेरेसा आहोत असे खरोखर धरून चालली आहे, तिला 'माझे कोणीच कसे विचारत नाही' असे वाटणे स्वाभाविक आहे. पत्राचा मुद्दा मात्र मान्य. ते गाडी सोडण्यापूर्वी लिहिले गेले असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. जाताना हेतू होता आणि वाटेत कुठेतरी तो हातातून निसटला, असे झाले असेल. जुने_वाचनालय यांनी सांगितलेली ती रात्र येथेही आडवी येतेच.

---

कोरांटी

चर्चा बाईंच्या डोक्यात काय होते याभोवतीच फिरते आहे, म्हणून मूळ प्रश्नातल्या नॅन्सी नील यांच्याकडे लक्ष वेधते. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी आहे, आणि तिचा एक परिणाम आपण सारे रोज पाहतो. वादात लोक कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून फेकतात, आणि लेखकाने रंगाच्या सोयीसाठी काळे केलेले पात्र पुढच्या पिढ्यांसाठी कायमचे काळे होते. नॅन्सी नील ही नोकरी करणारी, गोल्फ खेळणारी, वीस-बावीस नव्हे पण तिशीही न गाठलेली मुलगी होती. बाई सापडल्या त्या दिवसापासून तिचे आडनाव इंग्लंडभर गाजले आणि त्यावर तिचा काहीही इलाज नव्हता. १९२८ साली ख्रिस्तींचा घटस्फोट झाला, आर्चीने तिच्याशी लग्न केले आणि १९५८ मध्ये ती वारली तोवर तो संसार टिकला. कादंबरीत तिला कपटी ठरवणे अगदी सोपे आहे, आणि तेच वाचवत नाही. हॉटेलातल्या एका नोंदवहीत आपले आडनाव कोणीतरी पांघरले होते हे कळल्यावर तिला काय वाटले असेल, हा प्रश्न मला सुडाच्या कटापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

मौनाबद्दल एक दुरुस्तीवजा भर. बाई अगदीच गप्प राहिल्या नाहीत. १९२८ च्या फेब्रुवारीत, एका भलत्याच बदनामीच्या खटल्यात त्यांच्या बेपत्ता होण्याला फसवणूक म्हटले गेले, तेव्हा त्यांनी 'डेली मेल'ला मुलाखत दिली. जीव द्यावा असे मनात येऊन गाडी चालवत होते, खाणीजवळ सुकाणू सोडून दिले, गाडी कशावर तरी आदळली, डोक्याला मार बसला आणि पुढचे नीट आठवत नाही, असे त्यात त्यांनी सांगितले. त्यानंतर १९३४ साली मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट' ही कादंबरी लिहिली. तिच्यात आई गमावलेली, नवऱ्याने सोडलेली आणि जीव द्यायला निघालेली नायिका आहे. त्या टोपणनावामागे कोण आहे हे १९४९ पर्यंत लोकांना कळले नव्हते. म्हणजे या प्रसंगावर पहिली कादंबरी स्वतः नायिकेनेच लिहून ठेवली आहे, आणि तीही दुसऱ्याचे नाव घेऊन. आपण दीर्घकथा पूर्ण करण्याआधी ती वाचावी, मात्र तिच्यातले काही उचलू नये.

---

मृद्गंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुडाचा खर्डा बाजूला ठेवला आहे. एका रात्रीची कल्पना मनात घर करून बसली आहे, मात्र ती रात्र बाईंच्या तोंडून सांगायला धजत नाही. डॉक्टर म्हणतात तसे काही घडले असेल तर त्या रात्रीची साक्ष त्यांनाही देता येणार नाही. खडीसाखर म्हणतात तसे असेल तर त्या ती देणार नाहीत. मग निवेदक कोण ठेवावा?

---

जुने_वाचनालय

ज्याला काहीही ठाऊक नाही आणि तरी ज्याची खात्री आहे असा माणूस निवडावा. सरेच्या पोलीस दलातील उपप्रमुख विल्यम केनवर्ड हे त्या शोधाचे सूत्रधार होते आणि बाई मृत असून त्यांचे प्रेत न्यूलँड्स कॉर्नरच्याच परिसरात आहे, यावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. जवळचे 'सायलेंट पूल' नावाचे तळे त्यांनी पालथे घातले. १२ डिसेंबरच्या रविवारी हजारो नागरिक त्या टेकड्यांवर रांगा करून झुडपे धुंडाळत होते. त्या तळ्यावर रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनीही एक चक्कर टाकली होती. याउलट, बाई जेथून निघाल्या त्या बर्कशायरचे पोलीस अधीक्षक चार्ल्स गोडार्ड यांचे म्हणणे होते की त्या जिवंत आहेत. दोन परगण्यांच्या पोलिसांत उघड मतभेद होता आणि त्या काळात आर्ची ख्रिस्तींवरही संशयाची नजर होती.

केनवर्ड त्या रात्रीची मनातल्या मनात फेरमांडणी करत आहेत असे दाखवले, तर वाचकाला त्यांचे प्रत्येक अनुमान तर्कशुद्ध वाटेल. कोट मागे राहिला, म्हणजे ती थंडीत फार दूर गेलेली नाही. उतारावर गाडी, म्हणजे ती ढकललेली आहे. सगळे मुद्दे बरोबर आणि निष्कर्ष साफ चुकीचा. अखेर हॉटेलच्या वाद्यवृंदातला बॉब टॅपिन नावाचा बँजोवादक पोलिसांना कळवतो, आणि अनेक दिवसांच्या शोधाचा निकाल एका वादकाच्या नजरेने लागतो. त्याच साली, जूनमध्ये, बाईंची ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी प्रसिद्ध झाली होती. निवेदकाने काय सांगितले आणि काय गाळले याकडे वाचकाने कसे पाहावे, याचा तिने सबंध इंग्लंडला धडा दिला होता. (ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी याहून अधिक सांगत नाही. येथे रहस्यभेद करणाऱ्याला मी क्षमा करत नाही.) प्रामाणिक निवेदकही वाचकाला चुकीच्या वाटेने नेऊ शकतो, हे आपल्याला केनवर्डकडून करून घेता येईल.

---

खडीसाखर

केनवर्ड उत्तम, पण एक पर्याय सुचवते. हॉटेलातली खोली आवरणारी मोलकरीण घ्या. हॉटेलच्या नोकरवर्गात ओळख पटलेली माणसे होती आणि तरी काहीजण गप्प राहिले. पाहुण्यांच्या भानगडीत पडले तर नोकरी जाते, हे त्यांना माहीत होते. वर्तमानपत्रात छायाचित्र, समोर तोच चेहरा, आणि 'डेली न्यूज'ने लावलेले १०० पौंडांचे बक्षीस. मोलकरणीला तेवढे पैसे मिळवायला किती काळ लागेल याचा विचार करा. ती का बोलली नाही, यात एक सबंध कथा आहे आणि ती कोणत्याही नोंदीला धक्का लावत नाही.

---

मृद्गंध

मोलकरीण घेते. 'जुने_वाचनालय' यांची त्या रात्रीची कल्पनाही सोडवत नाही, म्हणून ती मोलकरीण रोज सकाळी बिछाना घालताना त्या पाहुणीच्या वस्तूंवरून ती रात्र जुळवत जाते, असे करून पाहते. केनवर्ड वर्तमानपत्रातून तिच्यापर्यंत पोहोचतील. आणखी एक शंका आहे. हॉटेलचे नाव खरेच ठेवावे काय? आणि बाई परत कशा गेल्या, ते दाखवणे आवश्यक आहे काय?

---

कोरांटी

नाव खुशाल ठेवावे. ते तेव्हा 'स्वॉन हायड्रोपॅथिक' होते, आज 'ओल्ड स्वॉन' म्हणून चालू आहे आणि दर उन्हाळ्यात तेथे गुन्हेकथांच्या लेखकांचा मोठा मेळावा भरतो. हॉटेलवाल्यांनी या प्रकरणाबद्दल कधी नाक मुरडलेले नाही.

परतीचा प्रसंग गाळू नका. त्या संध्याकाळी आर्ची हॉटेलात आले आणि पत्नीची ओळख पटवली. त्यांनी पत्रकारांना स्मृती पूर्ण गेल्याचे सांगितले आणि दोन डॉक्टरांनीही तसेच मत दिले. दुसऱ्या दिवशी छायाचित्रकारांना चकवून बाईंना रेल्वेने चेशायरकडे, बहिणीच्या ॲबनी हॉल या घरी नेण्यात आले. आपल्या मोलकरणीला मात्र त्या दिवशी खोली रिकामी झालेली दिसेल आणि चादरी बदलायचे काम लागेल, तेव्हा तिने काय पाहिले ते आपल्यावर सोपवते. आणि कथेत वार घालणार असाल तर नीट तपासून घाला. बाई सापडल्या तो मंगळवार होता, म्हणून ॲबनी हॉलचा प्रवास बुधवारचा, १५ डिसेंबरचा. दिवाळी अंकाचे वाचक अशा बाबतीत संपादकांपेक्षा कडक असतात.